पसंतीची सतरा मतं

लिंडग्राबेन, ५ जून २०१९

प्रिय एडिट,

तू फोन उचलत नाहीस. नको उचलूस. मलाही फोनवर धड भांडता येत नाही. समोरचा काय म्हणाला ते डोक्यात शिरेपर्यंत आपलं उत्तर शिळं झालेलं असतं. म्हणून कागदावर लिहितो आहे, म्हणजे मध्येच ठेवून देता येणार नाही. फाडता येईल, ते निराळं.

आई बरी आहे. डावा हात अजून उचलत नाही. बोलण्यात ‘हो हो’ आणि ‘नको गं’ एवढंच उरलं आहे, पण तेवढ्यावर घर चालतं. तू वाढदिवसाला आणलेली शाल पिरोश्का तिच्या मांडीवर घालते.

त्या रविवारचं मी सगळं मनात पुन्हा मांडून पाहिलं. मी मत देऊन आलो, आपण जेवायला बसलो, पिरोश्का सूप वाढत होती. तू विचारलंस, “पपा, यंदाही निळ्यांनाच?” मी म्हटलं, “मत गुप्त असतं.” इथवर काही बिघडलं नव्हतं. मग तू चमचा ठेवलास आणि माझ्याशी नाही, तिच्याशी बोललीस. “पिरोश्का, तुझ्या मुलीचा सरकारी भत्ता जानेवारीपासून का कापला, माहीत आहे? ती हंगेरीत राहते आणि तिथे स्वस्ताई आहे म्हणून. कोणी कापला? परक्यांना हाकला, ब्रुसेल्सला आवरा म्हणणाऱ्या ह्यांच्या निळ्यांनी. आणि तू ह्यांच्या बायकोला न्हाऊ घालतेस.”

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण ते तिच्यासमोर बोलायला नको होतं. मग मीही रागाच्या भरात काहीतरी बोललो. तू पिशवी उचलून निघालीस आणि आई मागून ‘हो हो’ म्हणत राहिली.

पिरोश्कानं तुझं सूप परत पातेल्यात ओतलं आणि विचारलं, “ओटमार काका, तुम्हाला अजून देऊ?” मी थोडं घेतलं. का घेतलं कोण जाणे.

तुझा,
पपा


१७ नोव्हेंबर २०१९

प्रिय एडिट,

आईच्या नावाचं कार्ड पोचलं. माझ्या नावाची ओळ कुठे दिसते का म्हणून मागची बाजूही पाहिली.

मागच्या पत्रात ‘काहीतरी बोललो’ असं लिहिलं. ते काहीतरी मला शब्दन् शब्द आठवतं. “ब्रुसेल्समध्ये बसून अख्खा युरोप जोडतेस, आणि स्वतःच्या आईचं अंग पुसायला परकी बाई लागते.” असंच म्हणालो ना? त्या वाक्यात मी एकाच दगडात तुला मारलं आणि पिरोश्कालाही. हे मला चार दिवसांनी कळलं, दाढी करताना.

एक गंमत सांगतो. परवा एका जनमत पाहणीवाल्या बाईंचा फोन आला. लोकांची मतं तक्त्यात मांडणाऱ्या तुझ्या ब्रुसेल्सच्या खात्यातल्या असतील असं वाटून मी फार अदबीनं बोललो. त्यांनी विचारलं, “आपल्या देशापुढचे सर्वांत मोठे दोन प्रश्न कोणते? मी यादी वाचते.” मी यादी संपायच्या आत सांगितलं, “बाहेरून येणारी माणसं.” त्या म्हणाल्या, “आणि दुसरा?” तेव्हा शेजारी पिरोश्का आईची नखं कापत होती. ती मान वर न करता म्हणाली, “काका, महागाई सांगा. लोणी बघा कुठे गेलं.” मी महागाई सांगितलं. त्या बाईंनी आभार मानले. आता तुझ्या कुठल्याशा तक्त्यात मी बसलो असेन, आणि माझं अर्धं उत्तर पिरोश्काचं आहे.

तू मला नेहमी विचारतेस, का? मी खरंच शोधतो आहे. तेहतीस वर्षं मी हंगेरीच्या सरहद्दीवर जकातीच्या नोकरीत होतो. मग हंगेरी युरोपियन युनियनमध्ये आली आणि आमचं दलच मोडीत काढलं. छप्पन्नाव्या वर्षी मला तालुक्याच्या कचेरीत फायली लावायला बसवलं. तीन वर्षांनी फाटकही काढलं. त्या दिवशी चौकीवर बँड होता, फुकट वाइन होती, तू ब्रुसेल्सहून आली होतीस आणि तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं. तुला वाटलं आपण एकाच गोष्टीसाठी रडतो आहोत.

पण हेच एक कारण म्हणावं, तर पंधरा साली हजारो निर्वासित महामार्गानं चालत आले तेव्हा मी आपल्या गॅरेजमध्ये बत्तीस जणांना झोपवलं. आईनं तिचे बर्फातले बूट एका बाईला दिले. आणि दोन वर्षांनी मीच निळ्यांना मत दिलं. ही दोन माणसं वेगळी होती का? मला तरी दोन्ही वेळा मीच वाटलो.

पपा


२२ मार्च २०२०

प्रिय एडिट,

तुमच्याकडे कसं आहे? बाहेर पडू नकोस.

इथे सरहद्द बंद झाली. खरोखरची बंद. गावाबाहेरच्या रस्त्यावर सिमेंटचे ठोकळे आणून टाकले आहेत. मी सायकलवरून बघायला गेलो. खरं सांगतो, अर्धा तास मला बरं वाटलं. इतकी वर्षं जे लोकांना सांगत होतो, ते आता त्यांना पटलं, असं काहीतरी. मग घरी आलो तर पिरोश्का स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. तिच्या जागी दर पंधरवड्यानं येणारी एरिका पलीकडेच अडकली. आता पिरोश्का गेली तर आईला बघायला कोणी नाही.

मी म्हटलं, “मी करीन. शिकेन.”

ती म्हणाली, “काका, तुम्हाला त्यांचे मोजेसुद्धा घालता येत नाहीत.”

ती राहिली. तिची मुलगी नोरा तिकडे आजीजवळ आहे.  बोलण्यासारखं होतं ते तूच त्या रविवारी बोलून ठेवलं आहेस.

पपा


१९ एप्रिल २०२०

प्रिय एडिट,

घाईत लिहितो. पिरोश्काची आई वारली, हृदयविकारानं. परवा शुक्रवारी दफन झालं. पिरोश्का जाऊन आली. आई ठीक आहे. माझा गुडघा थोडा सुजला आहे, बाकी काही नाही.

पपा


६ जून २०२०

प्रिय एडिट,

तू आईच्या कार्डावर बारीक अक्षरात विचारलं आहेस, ‘सरहद्द बंद असताना पिरोश्का गेली कशी?’ वर्षभरात मला विचारलेला हा तुझा पहिला प्रश्न. म्हणून उत्तर खरं देतो. वाचून झाल्यावर पत्र जाळ.

रीतसर जायचं तर तिला मोठ्या नाक्यावरून जाता आलं असतं. ती तिथलीच नागरिक. पण आत गेल्यावर चौदा दिवस घरात कोंडून घेणं, दारावर लाल कागद. तिच्या आईचं दफन शुक्रवारी दहाला. बुधवारी संध्याकाळी ती बटाटे सोलत होती. रडत नव्हती. एकच बटाटा सोलत राहिली, तो लिंबाएवढा होईपर्यंत.

मी विचारलं, “तुझं गाव, किशकुत, आपल्या टेकडीपासून किती?”

“रस्त्यानं चाळीस किलोमीटर.”

“मी रस्त्याचं नाही विचारलं.”

तिनं बटाटा खाली ठेवला. एडिट, त्या जंगलातली एकूण एक पायवाट मी तेहतीस वर्षं लोकांसाठी बंद ठेवली आहे. मला नाही माहीत तर कोणाला.

शुक्रवारी सकाळी सहाला शेजारच्या रेझीला आईजवळ बसवलं आणि आम्ही निघालो. खांद्यावर द्राक्षवेलींच्या छाटणीची कात्री घेतली. टेकडीच्या माथ्यावर आपल्या लष्कराचा एक हवालदार उभा होता, मिशीवाला, बोलण्यावरून दूरच्या टिरोलकडचा असावा. त्यानं विचारलं, “कुठे?” मी म्हटलं, “मळ्यात.” तो म्हणाला, “ही कोण?” मी म्हटलं, “कामाला आहे.” तेवढंच पुरलं. ते वाक्य पुरावं ह्याचं मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी हायसंही वाटलं.

पुढे चार किलोमीटर जंगल. ओढ्याजवळ माझा गुडघा गेला. ती म्हणाली, “काका, तुम्ही इथूनच परता.” मी म्हटलं, “आणि येताना वाट कोण दाखवणार?” मग तिनं माझा दंड धरला, आईला धरते तसाच. पलीकडे तिचा भाऊ शांडोर गाडी घेऊन उभा होता. मी गाडीत बसून राहणार होतो, पण शांडोरनं मला हाताला धरून दफनभूमीत नेलं. तिथे सगळे दहाजण. नोरा पिरोश्काच्या अंगाला चिकटली ती सुटेना. पाद्री काय म्हणाला ते मला कळलं नाही.

परतताना त्यांच्या बाजूचा वनरक्षक आडवा आला. माझ्याच वयाचा, कुत्रा बरोबर. त्यानं हंगेरियनमध्ये तिला काही विचारलं आणि माझ्याकडे बोट केलं. तिनं उत्तर दिलं. त्यानं टोपी काढली आणि वाट सोडली. बऱ्याच वेळानं मी विचारलं, “काय सांगितलंस त्याला?”

“माझे वडील आहेत म्हटलं. बायकोला पुरून येतायत.”

एडिट, मी ते खोडलं नाही. ओढा ओलांडून आपल्या हद्दीत आलो तरी खोडलं नाही.

मी कायदा मोडला. ह्याच गुन्ह्यासाठी मी किती जणांना पकडून दिलं आहे ते मोजलेलं नाही. मला पश्चात्ताप होत नाही, आणि त्या लोकांना पकडलं ह्याचाही होत नाही. असं कसं असू शकतं, तुला कळलं तर कळव.

पपा


११ सप्टेंबर २०२२

प्रिय एडिट,

मागच्या नाताळला तू दोन दिवस आलीस, आईजवळ बसलीस, माझ्याशी हवामानावर बोललीस. तेवढंही पुरे. आता एक गोष्ट गावभर झाली आहे, म्हणून तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी सांगतो.

ऑक्टोबरात ग्रामपंचायतीची निवडणूक आहे. खानावळवाला गॉटफ्रीड निळी यादी उभी करतो आहे. त्याला सात नावं हवी होती, सहाच मिळाली. तो आला, आईसाठी केक घेऊन. म्हणाला, “ओटमार, सातवं नाव फक्त कागद भरायला. आपली फार तर एक जागा येणार आणि ती माझी. निवडून यायची तुला काही भीतीच नाही.” मी सही केली. केक आईला आवडला.

ती यादी पंचायतीच्या फलकावर लागली. आईची चाकांची खुर्ची ढकलत पिरोश्का तिथूनच जाते. ती आता शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात नोकरीला आहे, नोराला घेऊन टेकडीखालच्या शेवटच्या घरात भाड्यानं राहते, आणि रोज दुपारी दोन तास आईकडे येते. त्या दिवशी आल्यावर तिनं कोट खुंटीला लावला आणि म्हणाली, “काका, तुमचं नाव किरिशित्स असं लिहितात होय? मी इतकी वर्षं चुकीचं लिहीत होते.” 

मग परवा ती पंचायतीचं एक पत्र घेऊन आली. इथली रहिवासी आणि युनियनची नागरिक म्हणून तिला ह्या निवडणुकीत मताचा हक्क आहे. हे तुमच्या ब्रुसेल्सनं केलेलं. तिनं पत्र माझ्यासमोर ठेवलं. “कोणाला देऊ?”

मी म्हटलं, “आम्हाला देऊ नकोस.”

“मग तुम्ही तिथे उभे कशाला आहात?”

आई मध्येच ‘नको गं’ म्हणाली. ते कोणाला उद्देशून होतं, ठाऊक नाही. मी उठून गवत कापायला गेलो. गवत आदल्याच दिवशी कापलं होतं.

पपा


५ ऑक्टोबर २०२२

प्रिय एडिट,

मी निवडून आलो.

हसू नकोस. किंवा हस, मला ऐकू येणार नाही. निळ्या यादीला चौतीस मतं पडली, एक जागा आली. पण मतपत्रिकेवर आवडत्या उमेदवाराच्या नावापुढे फुली मारता येते. गॉटफ्रीडला तशा सहा फुल्या, मला सतरा. नियमानं तो खाली आणि मी वर. मोजणीच्या टेबलावर त्यानं तीनदा मोजायला लावलं. शेवटी म्हणाला, “लेका, सही करताना तर मेल्यासारखं तोंड करून बसला होतास.”

माझी फुली त्यांत नाही. मी मत लाल यादीला, कामगारवाल्यांना दिलं. हे जगात फक्त तुला ठाऊक आहे. त्यांच्या यादीवर मला आवडणारं एकही माणूस नाही.

सतरांतले बहुतेक कोण ते मला दुपारी कळलं. गावात मताचा हक्क असलेले हंगेरियन चौदा आहेत, बहुतेक बायका. आश्रमात, मळ्यात, गॉटफ्रीडच्याच स्वयंपाकघरात राबणाऱ्या. पिरोश्कानं सगळ्यांना सांगितलं होतं.

मी चिडलो. “मी तुला नको म्हटलं होतं.”

“तुम्ही मला आईपर्यंत नेलंत. लाल यादीवरचं कोणी नेलं होतं?”

“अगं, पण तो पक्ष तुमच्याविरुद्ध आहे. नोराचा भत्ता विसरलीस?”

“तो कोर्टानं परत मिळवून दिला.” ती आईचे केस विंचरत होती, थांबली नाही. “आणि काका, त्या जंगलातून येणाऱ्यांना कोणीतरी थांबवायलाच हवं. रोज येतायत. कुंपणाशी कपडे टाकून जातात. नोरा एकटी असते घरी.”

“आपणसुद्धा जंगलातूनच गेलो होतो, पिरोश्का.”

“आपण आईला पुरायला गेलो होतो.”

तिच्या आवाजात काही राग नव्हता. दोन आणि दोन चार म्हणावं तसं तिनं म्हटलं. म्हणजे तिनं मला उपकाराच्या पोटीही मत दिलं आणि माझ्या पक्षाचं पटतं म्हणूनही. तिची बेरीज होते. माझीच होत नाही. तुझ्या तक्त्यात तिला कुठल्या रकान्यात घालशील? आणि उरलेल्या तीन फुल्या कोणाच्या? मी लोकांकडे बघत गावातून चालतो आणि कोणाचाच अंदाज येत नाही.

पपा


२० नोव्हेंबर २०२२

प्रिय एडिट,

तुझं पत्र मिळालं. माझ्या नावानं. तू लिहिलंस, ‘पपा, जागा सोडा किंवा तिचा काही उपयोग करा.’ मी दोन आठवडे ह्यांतलं काय करावं ह्याचा विचार करत बसलो आणि तेवढ्यात पहिली बैठक आली.

विषय एकच. सरकारला आमची बंद पडलेली शाळा हवी आहे, पाच सीरियन कुटुंबांसाठी. सध्या ती तंबूत आहेत, ह्या थंडीत. सभागृहात बसायला जागा नव्हती. गॉटफ्रीड पहिल्या रांगेत. त्याच्यामागे पिरोश्का आणि तिच्या मैत्रिणी, कामावरून तशाच आलेल्या. सरपंचबाईंनी हात वर करायला सांगितले. बाजूनं पाच, विरुद्ध पाच. काळ्यांचे, म्हणजे चर्चवाल्या पक्षाचे, लोक आपसांतच फुटले होते. अकरावा मी.

लोक म्हणतात, अशा वेळी माणसाला आतून काही स्पष्ट दिसतं. मला काही दिसलं नाही. तंबू डोळ्यांसमोर आला, आणि नोरा एकटी कुलूप लावताना आली. दोन्ही खरं होतं. माझा हात वर जायला लागला आणि अर्ध्यातच थांबला.

चिटणीस म्हणाला, “किरिशित्स, हे मत आहे की खांदा दुखतोय?”

लोक हसले. मीही हसलो असेन. मग म्हटलं, “लिही. बाजूनं.”

सरपंचबाईंनी विचारलं, “दोन शब्द बोलायचे आहेत का?” मी उभा राहिलो. तोंड उघडलं. गॉटफ्रीड माझ्याकडे बघत होता, पिरोश्का बघत नव्हती. मी म्हटलं, “नाहीत,” आणि बसलो.

गॉटफ्रीडनं मला खानावळीत यायला बंदी केली आहे. ते चालेल, त्याची बिअर पातळ असते. पण पिरोश्का दुसऱ्या दिवशी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी आईचं अंग पुसलं, मोजे घातले. उजव्या पायाचा डाव्यात गेला असं वाटलं, मग लक्षात आलं, मोज्यांना डावं-उजवं नसतं. आई मला ‘नको गं’ म्हणत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. तिनं कोट काढला, आईला ‘काकू’ म्हणून हाक मारली, कढत पाणी काढलं. माझ्याकडे पाठ. मग पाठमोरीच बोलली.

“दिलेलं मत परत मागता येत नाही ना?”

“नाही. पाच वर्षं.”

“मग पाच वर्षं तुम्हाला ऐकवीन. रोज.”

आणि तिनं तिथेच सुरुवात केली. नोराच्या दाराला दुसरं कुलूप बसवून द्या, शाळेसमोर दिवा लावून घ्या, त्या कुटुंबांत म्हातारं माणूस आहे का ते विचारा, आश्रमात खाटा रिकाम्या आहेत. मी कागद घेतला आणि लिहून घेतलं. उद्या लोहाराकडे जातो आहे. दिव्यासाठी अर्ज केला. बाकी मी केलं ते बरोबर की चूक, मला अजून सांगता येत नाही. पुढच्या वेळी हात कुठे जाईल तेही नाही.

पण एडिट, ऐकवायला निदान ती येते तरी.

तुझा,
पपा